विश्वास सुटलेल्या माणसाला देवही सोडून देतो का?

तुम्ही विचारलंय की पाच वर्षं झाली, चर्च सुटलं, प्रार्थना सुटली, विश्वास उरलाय का तेही सांगता येत नाही. त्यात कुणीतरी बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा 6वा अध्याय वाचून दाखवला, की एकदा पडलेल्याला पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य. मग देवाने मला सोडलं असेल का?

मी स्वतः नऊ वर्षं बाहेर होते, म्हणून लिहिते. धर्मशास्त्र शिकलेली नाही. नागपुरात सदरच्या एका मराठी मंडळीत वाढले, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली, एवढंच.

आधी इब्री. वचन कठोर आहे, सारवासारव करत नाही. पण हा वाद फार जुना आहे. इ. स. 250 मध्ये रोमचा सम्राट डेशियस याने सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. जीव वाचवायला पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तो अर्पण केला. काहींनी पैसे चारून अर्पण केल्याचा नुसता दाखला मिळवला (आपल्याला यात नवल नाही). छळ ओसरल्यावर ही माणसं परत दाराशी आली. रोमचा एक पाळक नोव्हेशियन म्हणाला, यांना घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त करू द्या आणि आत घ्या. नोव्हेशियनचा गट वेगळा झाला. मंडळीने दार उघडलं.

आता लूकचा 15वा अध्याय. उधळा पुत्र तुम्हाला शंभरदा ऐकवला असेल. त्याच्या आधी तिथे हरवलेलं मेंढरू आणि एका बाईचं हरवलेलं नाणं येतं. मला ते नाणं जास्त जवळचं. मेंढरू निदान ओरडू शकतं, पोरगा आपल्या पायांनी घरी येतो. नाण्याला आपण हरवलोय हेही कळत नाही. सगळी खटपट त्या बाईची, दिवा लावायचा, घर झाडायचं. लहानपणी आईच्या कुडीची फिरकी पडली तेव्हा तिने भर मे महिन्यात कूलर बंद करवला, आम्हाला पलंगावर चढवलं आणि केर सुपलीत घेऊन बोटाने चिवडत बसली. फिरकी सापडली चौकटीच्या फटीत. घराबाहेर गेलीच नव्हती. मीही घरातच हरवले होते, चर्च सोडण्याच्या कितीतरी आधी, क्वायरमध्ये दुसऱ्या रांगेत उभी राहून गात असताना.

सुटलं ते बाबांच्या मातीच्या दिवशी. वर्गणी थकली होती म्हणून दफनाच्या परवानगीसाठी आईला दोन तास बसवून ठेवलं. त्यानंतर मी फाटकातून आत गेले नाही.

देव तेव्हा कुठे होता म्हणाल, तर मला एक स्टीलचा डबा आठवतो. मागच्या गल्लीतली एक म्हातारी मावशी दर 24 डिसेंबरला रात्री करंज्या-चकल्या आणायची. झाकणावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. चर्चबद्दल एक अक्षर नाही. एका वर्षी मी दार उघडलं नाही, लाइट बंद करून बसले. सकाळी डबा पिशवीत घालून कडीला टांगलेला, मुंग्या लागू नयेत म्हणून वर घट्ट गाठ. रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून साखर घालून नेऊन दिला. "आली का? बस, चहा मांडतो," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी परत फिरले असं नाही. अजून तीन वर्षं लागली.

हीच देवाची काळजी, असं मला सिद्ध करता येणार नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिल्यापाशी शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला नाकारलं. दुसरा सरोवराच्या काठावर, पुनरुत्थानानंतर, वर मासळी ठेवलेली. तिथे आधी न्याहारी झाली. "माझ्यावर प्रीती करतोस का?" हे येशूने पेत्राला विचारलं ते खाणं आटोपल्यावर. तीनदा नाकारलं होतं, तीनदाच विचारलं.

खरा विश्वासणारा कायमचा पडू शकतो का, यावर प्रेस्बिटेरियन म्हणतात देव शेवटपर्यंत धरून ठेवतो. मेथडिस्ट म्हणतात माणूस हात सोडवून घेऊ शकतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून दोन्ही परंपरांची माणसं एकाच बाकावर बसतात. पंख्याखालच्या जागेवरून भांडण झालेलं मी पाहिलंय, यावरून नाही. आणि देव आधी पाठ फिरवतो, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

प्रार्थना जमत नसेल तर 119वं स्तोत्र काढा, अगदी शेवटचं, 176वं वचन. सबंध स्तोत्रभर नियमशास्त्राची थोरवी गाणारा माणूस तिथे म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तू मला शोध. मी येतो, असं म्हणत नाही. तेवढंच म्हटलंत तरी पुरे.

पाळकांना भेटायचं असेल तर रविवारी उपासनेनंतर नको, दारात हात मिळवायला रांग असते आणि सगळे विचारतात, इतके दिवस कुठे होता. मधल्या वारी फोन करून संध्याकाळी जा. या महिन्यात नाही जमलं तर पुढच्या महिन्यात जा.