अकरावीला विकलन (डिफरन्सिएशन) पहिल्यांदाच शिकवायला घेताय?

मग पहिल्या तासाला सूत्रं फळ्यावर आणूच नका. क्लासच्या मुलांना ती पाठ असतात, 'म्हणजे काय?' विचारलं की वर्ग चिडीचूप.

त्यापेक्षा कॅल्क्युलेटर काढायला लावा. वरून सोडलेला दगड किती मीटर पडला? सेकंदांचा वर्ग गुणिले ४.९. मग बरोबर २ सेकंद झाले त्या क्षणी वेग किती? प्रत्येक बाकाला वेगळा अवधी द्या. २ ते २.१ मध्ये सरासरी वेग येतो २०.०९, २ ते २.०१ मध्ये १९.६४९, २ ते २.००१ मध्ये १९.६०४९. एखाद्या बाकाला अलीकडची बाजूही द्या: १.९ ते २ मध्ये १९.११. आकडे १९.६ भोवती गोळा होताना मुलांनाच दिसतात. कुणीतरी 'सर, अवधी शून्यच घेऊ ना' म्हणतोच. घेऊ द्या! शून्य भागिले शून्य आलं की लिमिट (आकडे ज्या किमतीकडे सरकत जातात ती) कशाला, हे सांगायची गरज उरत नाही.

दुसऱ्या तासाला कार्डांच्या जोड्या: एकावर फलनाचा आलेख, दुसऱ्यावर त्याच्या विकलजाचा, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ किती ते दाखवणारा. इथे हमखास गडबड होते. आलेख जिथे उंच, तिथे विकलजही मोठा असं मुलं धरतात. लगेच दुरुस्त करू नका. आलेखावर पट्टी स्पर्शिकेसारखी सरकवायला सांगा. माथ्यावर पट्टी आडवी झाली की वाद आपोआप मिटतो.

प्रोजेक्टर असेल तर जिओजेब्रात (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) एक्सच्या केवलमूल्याचा (चिन्ह सोडून उरणाऱ्या किमतीचा) आलेख काढून शून्यापाशी झूम करत राहा. कोपरा काही केल्या सरळ होत नाही, म्हणजे तिथे विकलजच नाही. प्रोजेक्टर नसेल तर सोडा, अडत नाही.