पदर कुठल्या खांद्यावर

अगं, परवा तलावपाळीवर बसून दाखवलेलं पुस्तकाचं कव्हर काल रात्री परत बघितलं. फोटो जबरदस्त आहे. खाडी, धुकं, एकच होडी, पण तू टायटल नेमकं मधोमध ठेवलंस आणि शिरोरेषा बरोब्बर पाण्याच्या रेषेवर आली, आता त्या दोन रेषा भांडतायत आणि होडीकडे कोणाचं लक्षच जात नाही. टायटल वर आभाळात ने. ओळी फार जवळ घेऊ नकोस, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, इंग्रजी कव्हरं बघून बघून आपण हे विसरतो.

आता माझा गाढवपणा ऐक. एका कादंबरीसाठी छान फोटो मिळाला होता, खिडकीत उभी बाई, पण तिचं तोंड स्पाईनकडे, म्हणजे पुस्तकाच्या पाठीकडे. मला ती पुस्तक उघडतं त्या बाजूला बघायला हवी होती म्हणून सरळ फ्लिप मारला, आरशात दिसतो तसा फोटो उलटा केला. प्रकाशकाला आवडलं, छापून आलं, आणि फोटोग्राफरचा फोन, "बाईचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला हो?" काय बोलणार! मी त्याला विचारलंच नव्हतं.

स्टॉक फोटो, म्हणजे विकत मिळणारा तयार फोटो कापला तर एक वेळ चालून जातं, पण तुझ्या कव्हरवरच्या अशा फोटोत फोटोग्राफरने रिकामी जागासुद्धा विचार करून ठेवलेली असते. म्हणून क्रॉप त्याला आधी दाखव. हक्क विकले तरी कामाची मोडतोड झाली म्हणून तो कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली भांडू शकतो. आणि परवानगी लेखी घे, किती वर्षं, कुठली आवृत्ती, ईबुक धरून का, सगळं. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षंच धरतो, मग सहाव्या वर्षी नवी आवृत्ती निघाली की बोंब.

फाईल त्याने व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली असेल तर ती वापरूच नकोस, ओरिजिनल माग. साडेपाच बाय साडेआठ इंचाला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 1650 बाय 2550 पिक्सेल लागतात, शिवाय चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापून जाणारी जादा कड. आणि प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मॅट लॅमिनेशन करूनच बघ, स्क्रीनवर दिसणारे धुक्याचे हलके थर कागदावर एकच राखाडी पट्टा होतात.

रविवारी प्रूफ घेऊन घरी ये. त्याच्या आधी त्या फोटोवाल्याला फोन कर, आणि बारकोड होडीवर नको गं, मागच्या कव्हरवर भरपूर पाणी आहे.