आश्वासनावर सही कोणाची लागते?

अमेरिकेत नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले की तिथल्या मराठी मतदारांची पत्रे या सदराकडे हमखास येतात. या वेळी चार पत्रे जवळजवळ एकाच वादाची निघाली, म्हणून हे पान त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरात मतदार तिघे. मुलाच्या मते नवे राष्ट्राध्यक्ष पहिल्या शंभर दिवसांत देशाचा नूर पालटतील. सूनबाईंच्या मते तेवढ्याच दिवसांत देशाचे वाटोळे होईल. रविवारचे जेवण याच वादात निवते. मी कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपले चिरंजीव आणि सूनबाई एका मुद्द्यावर पूर्ण सहमत आहेत, हे दोघांच्याही ध्यानात आलेले दिसत नाही. व्हाइट हाउसमध्ये बसलेला माणूस जे बोलतो ते होते, असे दोघेही गृहीत धरून चालले आहेत. भांडण आहे ते त्याने काय बोलावे, एवढ्यापुरतेच.

शंभर दिवसांची ही मोजणी १९३३ मधली, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळातली. ४ मार्चला त्यांनी शपथ घेतली तेव्हा देशभरच्या बँकांचे व्यवहार ठप्प झाले होते. ९ मार्चला आणीबाणीचे बँक विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत आले, तिच्या दोन्ही सभागृहांनी (प्रतिनिधीगृह आणि सिनेट) ते मंजूर केले आणि त्याच दिवशी त्यावर सहीदेखील झाली. प्रतिनिधीगृहातील सदस्यांना वाटायला छापील प्रती नव्हत्या, त्यामुळे मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा लागला. असे भेदरलेले आणि असे प्रचंड बहुमताचे सभागृह त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याला सहसा आले नाही. मोजपट्टी मात्र सगळ्यांना तीच लावली जाते, आणि माझ्या मते ती अन्यायाची आहे.

त्यापेक्षा प्रत्येक आश्वासन ऐकताना एक साधा प्रश्न विचारावा : यावर सही कोणाकोणाची लागते? बराक ओबामा यांच्याच कारकिर्दीतील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २२ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा क्यूबातील ग्वांटानामोचा अमेरिकी तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर त्यांनी सही केली. आदेश त्यांचा होता, पण तिथले कैदी अमेरिकेच्या भूमीवर आणण्यासाठी लागणारा पैसा काँग्रेसच्या हातात होता, आणि काँग्रेसने तो अडवला. आठ वर्षांनी ओबामा गेले, तुरुंग राहिला. याउलट आरोग्यविम्याचा कायदा त्यांनी सभागृहातून नेला. त्या वेळी सिनेटमध्ये त्यांच्या बाजूने नेमकी साठ मते होती, आणि फिलिबस्टर नावाचा अडवणुकीचा प्रकार थांबवायला शंभरांपैकी साठच मते लागतात. २४ डिसेंबर २००९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, सिनेटने विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केले. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी त्यावर बावीस लेखण्यांनी सही केली. एका लेखणीने एखादे वळण काढायचे, ती बाजूला ठेवायची आणि पुढची उचलायची, कारण नंतर त्या लेखण्या आठवण म्हणून वाटायच्या असतात. लोकांच्या लक्षात त्या लेखण्या राहिल्या. कायदा झाला तो मात्र साठाव्या मतामुळे, आणि त्यालाही शपथविधीपासून चौदा महिने लागले.

तोच कायदा मोडण्याचे आश्वासन देऊन डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये निवडून आले. दोन्ही सभागृहे त्यांच्या पक्षाकडे होती. अर्थसंकल्पी विधेयकांसाठीच्या खास पद्धतीची आडवाट धरल्यामुळे साठ मतांची अटही टळली होती, साधे बहुमत पुरणार होते. २८ जुलै २०१७ च्या पहाटे त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन सभागृहात पुढे आले, त्यांनी हात लांब केला आणि अंगठा खाली वळवला. ५१ विरुद्ध ४९ अशा मतांनी विधेयक पडले. आपल्या सूनबाईंना ही हकिकत जरूर सांगावी. चिरंजीवांना सांगायची हकिकत जो बायडन यांची : विद्यार्थ्यांची कर्जे माफ करण्याची त्यांची योजना ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा निकालाने रद्द ठरवली. कर्जमाफी होणार म्हणून हिशेब मांडून बसलेल्या तरुणांचे हिशेब तसेच राहिले.

म्हणजे राष्ट्राध्यक्ष हा नुसता शोभेचा, असे मात्र कोणी समजू नये. परराष्ट्र धोरण, सैन्याची हालचाल, माफी देण्याचा अधिकार, सरकारी खात्यांनी कोणता कायदा कडकपणे राबवायचा आणि कोणत्या कायद्याकडे काणाडोळा करायचा, या गोष्टी बऱ्याच अंशी त्याच्या एकट्याच्या मर्जीवर चालतात. गंमत अशी की प्रचारात याच गोष्टींची चर्चा सर्वांत कमी होते. शिवाय प्रसंग कोणाला विचारून येत नाही. वुड्रो विल्सन १९१६ मध्ये देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या पुण्याईवर पुन्हा निवडून आले, आणि दुसरी कारकीर्द सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, २ एप्रिल १९१७ रोजी, त्यांनी काँग्रेसकडे युद्धाच्या घोषणेची मागणी केली.

प्रश्न : मी अमेरिकेची नागरिक आहे, पण माझा भाचा ग्रीनकार्डाच्या रांगेत अकरा वर्षे उभा आहे. कुशल लोकांना न्याय देऊ असे उमेदवार म्हणाले, म्हणून मी त्यांना मत दिले. आता रांग पुढे सरकेल ना?
— एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

उत्तर : ताई, आपल्या भाच्याची रांग राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर नाही. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीनकार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण सात टक्के, ही मर्यादा १९९० च्या कायद्याने घातलेली आहे. त्या आकड्यात अर्जदाराचे पती किंवा पत्नी आणि मुलेही मोजली जातात, म्हणजे चौघांचे कुटुंब असेल तर एका नोकरीमागे चार कार्डे खर्ची पडतात. इतर देशांच्या वाट्याची कार्डे उरली तर ती भारतीयांकडे वळतात, पण अर्जदार इतके आहेत की त्याने रांगेला विशेष फरक पडत नाही.

हे बदलण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ही देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ अशा भरघोस मतांनी मंजूर केले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही मंजूर केले, पण दुरुस्त्या करून. दोन मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच त्या काँग्रेसची मुदत संपली आणि सगळे मुसळ केरात गेले. यात राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही, हे ध्यानात घ्यावे.

भाच्याची पत्नी एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरी करत असेल, तर नव्या राष्ट्राध्यक्षांकडे खरे लक्ष तिने ठेवायला हवे. ती परवानगी २०१५ मध्ये कायद्याने नव्हे, तर सरकारी नियमाने मिळाली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढून घेण्याची तयारी जाहीर झाली होती, पण ती तडीस गेली नाही. नियम बदलायचा तर मसुदा प्रसिद्ध करणे, लोकांच्या सूचना मागवणे, त्यांना उत्तरे देणे असा रीतसर क्रम पाळावा लागतो, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. तरी काँग्रेसला न विचारता हे करता येते. ज्या घराला आशा आहे त्याच घराला धास्तीही असू शकते, ती अशी.

प्रश्न : किराणा आणि पेट्रोल स्वस्त होईल एवढ्यासाठीच मी मत दिले. किती दिवस वाट पाहावी?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : दिवस सांगणे कठीण. महागाईला लगाम घालणारे व्याजदर ठरवते फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची समिती. फेडरल रिझर्व्हच्या मंडळाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात खरे, पण पूर्ण मुदत चौदा वर्षांची असल्यामुळे सगळे मंडळ एकदम बदलता येत नाही. पेट्रोलचा दर बहुतांशी जगातल्या कच्च्या तेलाच्या दरामागे धावतो. आयातशुल्क वाढवणे मात्र तुलनेने सोपे. काँग्रेसने १९६२ च्या व्यापार कायद्यात दिलेल्या अधिकारावर ट्रम्प यांनी मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले, त्यासाठी सभागृहात मतदान घ्यावे लागले नाही. थोडक्यात, भाव उतरवण्यापेक्षा चढवण्याचे साधन राष्ट्राध्यक्षांच्या हाताशी जास्त जवळ असते. मत देण्याआधी हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : माझा उमेदवार हरला. आता चार वर्षे हातावर हात ठेवून बसायचे का?
— एक वाचक, प्लेनो, टेक्सास

उत्तर : चार नव्हे, दोन. दर दोन वर्षांनी प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा मतदारांपुढे येतात. १९३४ पासूनच्या, राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या अशा निवडणुका पाहिल्या तर १९३४, १९९८ आणि २००२ ही तीन वर्षे सोडून प्रत्येक वेळी राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातील जागा गमावल्या आहेत. २०१० मध्ये तर आरोग्यविम्याचा कायदा होऊन आठ महिनेही झाले नव्हते, आणि ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ६३ जागा गेल्या. आपण ज्यांना हरलेले म्हणता त्यांच्याकडे तेवढ्याने कायदे करण्याची नव्हे, पण अडवण्याची ताकद येते, आणि पहिल्या उत्तरात पाहिले त्याप्रमाणे अमेरिकेच्या राज्ययंत्रणेत अडवणाऱ्याचा हात बहुधा वरचढ असतो. मला ही व्यवस्था सर्वस्वी हितकारक वाटत नाही, पण आहे ती अशी आहे.

आपल्या भागात खरी चुरस पुष्कळदा नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत नसतेच, ती पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत संपलेली असते, आणि तिथे मतदान फार थोडे लोक करतात. टेक्सासमध्ये ही निवडणूक मार्चमध्ये होते. मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहावा लागत नाही, कोणत्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत द्यायचे ते मतदानाच्या वेळी केंद्रावर सांगता येते. नावनोंदणी मात्र तीस दिवस आधी झालेली असावी लागते, तेवढे आधी पाहून घ्यावे.