बोटं गेली, कंपनीला दंड होईल. पण मिळणार कुणाला?

तुमचा धाकटा भाऊ भोसरीत ठेकेदाराकडून प्रेसवर (पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या मशीनवर) होता, ऑगस्ट 2025 मध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनी म्हणते ‘तो आमचा माणूसच नाही’, आणि दंड झाला तर पैसे मिळतील का, असं तुम्ही विचारताय.

‘आमचा नाही’ हे विसरा. कारखाने अधिनियमात ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच. प्रेसचा धोक्याचा भाग गार्डने, म्हणजे संरक्षक आवरणाने, झाकायची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादाराची (ज्याच्या हातात कारखान्याचा अंतिम ताबा, त्याची), ठेकेदाराच्या मुकादमाची नाही.

आता दंड. कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला, म्हणजे अपघातानंतर, लागू झाली, त्यामुळे तुम्हाला 1948 चाच कारखाने अधिनियम लागू. कलम 92 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे गंभीर दुखापत झाली असेल तर दंड किमान 5,000, मृत्यू झाला तर 25,000. हो, पाच हजार! आणि कोर्टाने वेगळा हुकूम केला नाही तर तेही सरकारजमा. (नव्या संहितेत गंभीर दुखापतीला 2 ते 4 लाख दंड आहे आणि त्यातला निदान निम्मा जखमीला द्यायला कोर्ट सांगू शकतं. भावाला त्याचा उपयोग नाही.)

खटला तुम्हाला परस्पर भरता येत नाही. तो फॅक्टरी इन्स्पेक्टरने, किंवा त्याच्या लेखी मंजुरीने भरावा लागतो, तोही गुन्हा त्याला कळल्यापासून तीन महिन्यांत. इथेच लोक चुकतात. मोजणी अपघाताच्या दिवसापासून नाही, इन्स्पेक्टरला कळल्यापासून. 48 तासांवर काम बंद पडलं तर कंपनीने अपघाताची खबर द्यायलाच हवी. पण ठेकेदाराच्या पोरांच्या बाबतीत ती पुष्कळदा दाबली जाते. दिली नसेल आणि इन्स्पेक्टरला दुसरीकडूनही कळलं नसेल, तर मुदत अजून सुरूच झालेली नाही. म्हणून आधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात विचारा, खबर आली का, कधी आली. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मशीन कोणतं, गार्ड होता का, दोन हातांचं बटण (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही ते) चालू होतं की एक बटण टेपने दाबून ठेवलं होतं, हे सगळं लिहा. मी प्रेस शॉपमध्ये 22 वर्षं काढली; अपघाताच्या दुसऱ्या सकाळी चकाचक पिवळा गार्ड बसलेला पाहिलाय. त्यामुळे आधीचे फोटो, सोबत्यांच्या मोबाईलमधले का होईना, मिळवा. सोबती घाबरत असतील तर त्यांना सांगा, तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरला गुप्त ठेवावं लागतं.

पैसे मात्र दुसऱ्या दाराने येतात. पगार 21,000 पर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर अपघात रिपोर्ट भरून घ्या. मेडिकल बोर्ड कमाईच्या नुकसानीचा टक्का ठरवतं आणि त्या हिशोबाने दरमहा रक्कम मिळते, आयुष्यभर. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही म्हणून हक्क जात नाही. ईएसआय लागूच नसेल तर 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा, दोन वर्षांच्या आत.

ठेकेदार दहा-वीस हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही मागेल. भावाला म्हणावं, डावा अंगठासुद्धा उठवू नकोस.