४१ लूप आणि एकही गाणं नाही

प्रश्न : दादा, नमस्कार. मी २३ वर्षांचा, दिवसा नोकरी करतो आणि रात्री लॅपटॉपवर एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवतो. चार वर्षांत ४१ प्रोजेक्ट झाले, पण पूर्ण एकही नाही. ८ बारचा (म्हणजे ३२ मात्रांचा) पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, लूप, मस्त जमतो, पुढे काही सुचतच नाही. नवे प्लगइन (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) घेतले, ट्युटोरियल बघितले. आता तर फाइल उघडायलाच नको वाटतं. माझ्यातलं संपलं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मित्रा, ४१ प्रोजेक्ट म्हणजे तुला ४१ वेळा सुचलंय. तेव्हा 'सुचत नाही' हे आधी खोडून टाक.

जरा हिशोब कर. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ८ बार म्हणजे १६ सेकंद. तासभर लूप चालू ठेवलास की तो २२५ वेळा कानावर आदळतो. मग काय होतं? तू हाय-हॅट (झांजेचा आवाज) बदलतोस, मग किक (मोठा ड्रम), मग परत जुनीच किक, आणि तिसऱ्या रात्री सगळंच टुकार वाटतं. लूप होता तसाच असतो, कान विटलेला असतो.

हे मी भोगलंय. परळच्या एका बेंजो पार्टीत मी सात वर्षं ऑक्टापॅड वाजवला, मग घरी बसून ट्रॅक बनवायला लागलो. २०१६ साली आठ महिने एक ओळ पुढे सरकली नाही. हप्त्यावर घेतलेल्या सिंथवर (सिंथेसायझरवर) बायकोने धूळ नको म्हणून टॉवेल टाकला होता, तो मीही काढत नव्हतो. त्या गणपतीत पार्टीचा पॅडवाला टायफॉइडने आडवा झाला आणि विसर्जनाला मला बोलावणं आलं.

अर्धा अर्धा तास एकच ठेका वाजवत होतो आणि कंटाळा कुणालाच नाही. गल्ली अरुंद झाली की ढोल गप्प, नुसता ताशा. नाक्यावर आलो की बेंजोवाला मान हलवायचा, मी तिहाई मारायचो आणि सगळे एकदम सुटायचे. ठेका तोच होता. कोण वाजतंय आणि कोण थांबलंय, एवढंच बदलत होतं. आपण ज्याला अरेंजमेंट म्हणून घाबरतो ती हीच की!

दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो आणि एक जुना लूप काढला. फाइलची कॉपी ठेवून सगळे ट्रॅक फ्रीझ करून फ्लॅटन केले, म्हणजे प्रत्येकाचा साधा ऑडिओ करून टाकला; सिंथची बटणं पिळत बसायची सोयच गेली. रेकॉर्ड दाबलं आणि सेशन व्ह्यूमधून (एबलटनचा तुकडे चालू-बंद करायचा पडदा), मिडी कंट्रोलरवर (बटणांच्या पाटीवर) हाताने एकेक ट्रॅक बंद-चालू करत, न थांबता सहा मिनिटं वाजवलं. निम्म्या जागी चुकलो. पण तिसऱ्या मिनिटाला किक बंदच राहून गेली, खाली नुसता बेस उरला, आणि अंगावर काटा आला. ती चूक मी तशीच ठेवली.

प्लगइनचं म्हणशील, तर हिंदी सिनेमाचे साजिंदे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं घेऊन, ८०८ हे ड्रम मशीन, ३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर ८ हा सिंथ, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा रेकॉर्ड खपली नाही. २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा लोक ॲसिड हाऊसचा (३०३ च्या आवाजावर उभ्या असलेल्या नाचाच्या संगीताचा) जनक कोण यावर भांडायला लागले. त्या भांडणात मला रस नाही. मला त्यातला भूप आवडतो. भूप म्हटला की मध्यम आणि निषाद गेले, हाताशी पाच स्वर, विषय संपला. तुझ्याकडे प्रीसेट (तयार आवाज) किती आहेत, मोजलेस कधी?

(पॉवरलूमचा खडखडाट रेकॉर्ड करून बीट बनव, असं मी सांगणार नाही. इचलकरंजीत राहतोस म्हणून तो सल्ला चार जणांनी आधीच दिला असणार.)

४१ पैकी जो सगळ्यात भिकार वाटतो तो घे आणि मी वाजवलं तसंच वाजव; आवडत्याला हात लावताना हात थरथरतो. काहीही चुकलं तरी सहा मिनिटं होईपर्यंत थांबवायच्या स्पेसबारला बोट लावायचं नाही. झालं की पेनड्राइव्हवर टाक आणि मित्राच्या गाडीत बसून ऐक. लॅपटॉप मात्र घरीच ठेव.