मांडलिक की मिंधा?

प्रश्न आला आहे तो असा: "बेलारूस, आर्मेनिया, किर्गिझस्तान यांना मराठीत सर्रास 'रशियाचे मांडलिक देश' म्हटलेलं वाचतो. हे बरोबर आहे का? आणि रशियन लोक सोव्हिएत संघातून फुटलेल्या अशा सगळ्या देशांना मिळून 'ब्लीझ्नये झारुबेझ्ये' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?"

मी 'मांडलिक' वापरणार नाही. का, ते सांगायला थोडा पैशाचा हिशेब मांडावा लागेल.

मांडलिक म्हणजे सार्वभौम राजाच्या मंडलातला, त्याचं वर्चस्व उघड मान्य केलेला राजा. दरसाल ठरलेली खंडणी वर पोचवायची, बोलावणं आलं की फौजेसह हजर व्हायचं, आणि हे सगळं दरबारात, चारचौघांसमक्ष. (आज 'खंडणी' म्हटलं की गुंडाचा फोन आठवतो. मुळात ती खंडून, म्हणजे ठरवून घेतलेली रक्कम होती. शब्द किती घसरावा!) थोडक्यात, मांडलिक देणारा असतो.

आता बेलारूसकडे बघा. चलन वेगळं, राष्ट्राध्यक्ष वेगळा, संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र खुर्ची. ती खुर्ची तर १९४५ पासूनची, म्हणजे सोव्हिएत संघात असतानाही होती, त्यामुळे नुसत्या खुर्चीवर फार जाऊ नये. पण पैसा कुठून कुठे वाहतो ते पाहिलं तर मांडलिकाच्या अगदी उलट. युरोपातल्या गिऱ्हाइकांना रशियन वायू ज्या भावाने पडतो, त्याहून पुष्कळ स्वस्तात तो बेलारूसला मिळत आला आहे. हा देश घेणारा आहे. घेता घेता २०११ मध्ये त्याची वायुवाहिन्यांची कंपनी, बेल्ट्रान्सगॅझ, पूर्णपणे गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायूकंपनीच्या मालकीची झाली. २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई करायला रशियन फौजा बेलारूसच्या भूमीवरूनही गेल्या.

याला मराठीत नेमका शब्द आहे: मिंधा. उपकाराखाली दबलेला, म्हणून 'नाही' म्हणायची चोरी झालेला. हल्ली या शब्दाला आपल्याकडच्या राजकारणाचा वास लागला आहे, पण तेवढ्यासाठी तो टाकून देऊ नये. 'ताटाखालचं मांजर' त्याच्या जवळचं, पण थोडं वेगळं. मांजर पूर्ण आज्ञेत असतं, मिंधा माणूस अधूनमधून अंग चोरतो. २००८ च्या युद्धानंतर रशियाने जॉर्जियापासून तुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला देश म्हणून मान्यता दिली. इतका स्वस्त वायू घेणाऱ्या बेलारूसने ती आजवर दिलेली नाही.

मिंधेपणाचा भाव रोखीत मोजायचा तर युक्रेनचा २०१० चा खारकिव करार बघावा. क्रिमियातल्या सेवास्तोपोलला रशियाने भाड्याने घेतलेल्या नाविक तळाची मुदत २०१७ साली संपायची होती, ती २५ वर्षांनी वाढवून द्यायची आणि बदल्यात हजार घनमीटर वायूमागे १०० डॉलरपर्यंत सूट घ्यायची. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि हा करार स्वतःच मोडीत काढला. भाडेकरूने घरच ताब्यात घेतल्यावर भाडं कशाला द्यायचं, असा तो हिशेब. सूट गेली, तळ गेला, वर दुप्पट-तिप्पट जमीन गेली म्हणावं तर तेही कमीच, कारण तळ एका शहरात होता आणि गेला अख्खा द्वीपकल्प.

आर्मेनियासाठी मात्र मी आपल्या इतिहासातला दुसरा शब्द काढीन: तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज पदरी घेतली, तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करणार नाही असं लिहून दिलं. आर्मेनियात ग्युमरीला रशियाचा लष्करी तळ आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये, युरोपीय संघाशी कराराची बोलणी पुरी होत आलेली असताना, आर्मेनियाच्या अध्यक्षांनी मॉस्कोत जाऊन जाहीर केलं की आम्ही रशियाच्या सीमाशुल्क संघात येतो. वसईची आठवण येणारच. पण साम्य इथवरच. २०२३ मध्ये अझरबैजानने आर्मेनियन वस्तीचा काराबाख घेतला तेव्हा तिथले रशियन शांतिसैनिक बघत राहिले, आणि पुढच्या वर्षी आर्मेनियाने रशियाप्रणीत संरक्षण संघटनेतला आपला सहभाग थांबवला. ग्युमरीचा तळ तेवढा जागेवर राहिला. बाजीरावाला एवढीही मोकळीक नव्हती.

किर्गिझस्तानला मात्र मिंधा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. तिथली गावं बऱ्याच अंशी मॉस्कोत बांधकामावर राबणाऱ्या पोरांच्या पैशावर चालतात, एकेकाळी कोकण मुंबईच्या मनिऑर्डरवर चालायचं तशी. घामाच्या पैशात उपकार कसला? पोरांना परत धाडायची धमकी देता येते, म्हणजे गळ्यात दोर आहेच. तिथे साधं 'परावलंबी' म्हणावं.

आता 'ब्लीझ्नये झारुबेझ्ये'. ब्लीझ्नये म्हणजे जवळचं. 'झा' म्हणजे पलीकडे, 'रुबेझ' म्हणजे शीव, तेव्हा झारुबेझ्ये म्हणजे शिवेपलीकडचा मुलूख, परदेश. 'रुबेझ' हा 'रुबित्', म्हणजे घाव घालणं, तोडणं, या धातूवरून आला. हद्दीची खूण म्हणून घातलेला घाव. गंमत म्हणजे 'रूबल' त्याच धातूचा. १९९१ मध्ये रुबेझ पंधरा ठिकाणी पडली, रूबल मात्र बऱ्याच जणांत काही काळ सामाईक राहिला. जुलै १९९३ मध्ये रशियाने जुन्या नोटा रद्द केल्या आणि बाकीच्यांना एकेक करून आपापलं चलन काढावं लागलं.

शब्दशः भाषांतर 'जवळचा परदेश' होईल. मला आधी 'भावकी' सुचला होता: वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली, मोटारीचं बटण थोरल्याच्या घरात. चित्र चपखल आहे, पण शब्द घातक. 'भ्रातृराष्ट्रे' ही मॉस्कोचीच जुनी भाषा, आणि युक्रेनी माणसाला तेच भाऊपण नको आहे. 'ब्लीझ्नये झारुबेझ्ये'तही तीच मेख आहे: परदेश खरा, पण आमच्या जवळचा. आपण १९४० मध्ये बळाने घेतले गेलो होतो असं सांगणारे लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया स्वतःला त्यात मोजून घेत नाहीत. म्हणून रशियाचं म्हणणं सांगताना 'जवळचा परदेश' अवतरणात लिहावं, आपल्या तोंडी 'माजी सोव्हिएत देश' पुरे.

जाता जाता, याच घरातलं आणखी एक भांडण. रशियनमध्ये युक्रेनला पूर्वापार 'ना', म्हणजे 'वर', हे अव्यय लागतं, देशांना 'व', म्हणजे 'मध्ये'. आपण 'देशावर' आणि 'कोकणात' म्हणतो, तसंच काहीसं. 'ना' लावल्याने आपण प्रांत वाटतो, असं म्हणत युक्रेनने १९९३ मध्ये 'व' वापरा अशी मागणी केली. मराठीत आपण पहिल्यापासून 'युक्रेनमध्ये' म्हणत आलो, त्यामुळे त्या भांडणातून आपसूकच सुटलो.