भांडणाऱ्या पोराले 'क' द्यायचा का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात जि.प. शाळेत सहावी ते आठवीले शिकवतो. प्रगतीपत्रकात पोरांचं सामाजिक-भावनिक बी लिहा म्हणतात, ते मोजायचं कसं? सातवीतला एक पोरगा कापूस वेचणीत बरेच दिवस आलाच नाही, आता आला तर सारखा भांडते. त्याले 'क' देऊ का?

उत्तर : सर, नका देऊ. कागद घरी जाते, बाप म्हणते पोट्टं बिघडलं, अन् पोरगं बी तेच मानून बसते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची चौथी ते आठवीसाठी 'मिडल इयर्स डेव्हलपमेंट इन्स्ट्रुमेंट' नावाची प्रश्नावली आहे, त्यात मुलं स्वतःच सांगतात की झोप होते का, मित्र आहेत का, शाळेत आपली काळजी करणारं मोठं माणूस आहे का, पण रिपोर्ट निघते तो गटाचा, एकेका मुलाचा नाही. मले हेच सगळ्यात पटते, कारण मग तपासणी पोराची नाही, शाळेची होते.

तुम्ही हे साधेपणानं करू शकता. पट लहान असला की अक्षरावरून पोरगं ओळखू येते, म्हणून लिहायला लावूच नका, 'हो' अन् 'नाही' असे दोन बंद डबे ठेवा अन् प्रत्येकानं एक सरकी टाकायची. प्रश्न घरच्या बोलीत विचारा, 'मनातलं सांगाले शाळेत कोणी आहे का', पुस्तकी विचारलं तर उत्तर बी पुस्तकीच येते. दिवाळीआधी एकदा अन् वेचणी सरल्यावर एकदा, म्हणजे फरक दिसते.

त्या पोराचं मात्र वेगळं पाहा. वहीत 'रागीट' नका लिहू, कधी, कोणाशी, कोणत्या तासाला भांडला ते तारखेसकट लिहा. गणिताच्या तासालाच होत असंल तर मागं पडल्याची लाज असू शकते, मग आधी बुडालेला भाग भरून काढा, तोही सगळ्यांसमोर नाही. माय वावरातून आली की संध्याकाळी घरी जाऊन बोला, तक्रार म्हणून नाही, घरी कसं चाललं एवढंच विचारा. अन् पोरगं जेवण टाकत असंल, मरणाचं बोलत असंल तर त्याले एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा अन् त्याच दिवशी टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू राहते. आपल्या भागात कितीक घरांनी आत्महत्या पाहिली आहे, तिथं 'पोट्टं आहे, बोलते काही बी' म्हणून चालत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतीपत्रकात मुलाचं स्वतःचं मूल्यांकन बी धरलं आहे, तर ती जागा त्यालेच भरू द्या. तुमच्या रकान्यात लिहा, 'सुट्टीनंतर वर्गात रुळतो आहे, गणिताला मदत सुरू आहे.'